तारीख आणि वेळ सांगा, मशीनवर कोण होतं ते मी शोधते: गेमिंग कॅफेतल्या बॅनचं काय करायचं?

कॅफेवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझा गेमिंग कॅफे आहे. बारा पीसी. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक डिप्लोमा नि इंजिनीअरिंगची पोरं, संध्याकाळी थोडे नोकरीवाले. एका गोष्टीनं डोकं खाल्लंय आणि कुणाला विचारावं ते कळेना, म्हणून इथं लिहितेय. मोठं होईल, पण वाचा.

एक मोठा ऑनलाइन शूटर गेम आहे. नाव घालत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, उत्तर पाहिजे. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा रोज कॉलेज सुटलं की येतो. सात नंबरवर बसला, स्वतःच्या आयडीनं लॉगिन केलं आणि मॅच ऐन रंगात असताना गेम बंद पडून स्क्रीनवर पाटी आली: अकाउंट कायमचं बॅन. त्या आयडीवर त्याची दहावीनंतरची सगळी रँक होती. सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काम करून मिळालेल्या पैशांतनं घेतलेल्या स्किन, म्हणजे गेममधल्या बंदुकांची सजावट, होत्या. पोरगं खुर्चीतनं उठेना. मग म्हणाला, "ताई, मी काही केलं नाही हो. तुम्ही रोज बघताय ना मला?"

बघतेय की. सात नंबरच्या मागच्या भिंतीला कॅमेरा आहे, त्यात स्क्रीनसुद्धा दिसते. माझ्या पीसींचे यूएसबी पोर्ट बंद आहेत, पेन ड्राइव्ह लागत नाही. मशीन रीस्टार्ट झालं की मधे कुणी काही टाकलं असेल ते आपोआप पुसलं जातं, तसं सॉफ्टवेअर मी घातलंय.

आम्ही दोघांनी बसून अपील लिहिलं. चहा संपायच्या आत उत्तर आलं. पुन्हा तपासणी केली, नियमभंगाची खात्री झाली, सुरक्षेच्या कारणास्तव तपशील देता येत नाही, निर्णय अंतिम. चहा संपायच्या आत कुठल्या माणसानं काय तपासलं असेल, सांगा तुम्हीच. त्यानंतर नऊ नंबरवर दुसऱ्या एका मुलाचं तसंच झालं. आता पोरांत बोलणं सुरू झालंय की ताईच्या कॅफेत बसलं की आयडी जातो.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. मी चीटरची बाजू घेत नाही. हॅक मारणारा एक जण लॉबीत शिरला की नऊ जणांचा तास वाया जातो आणि ते नऊ जण माझ्याकडं पैसे देऊन बसलेले असतात. वॉलहॅक, म्हणजे भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारं चीट, चालवणाऱ्याला मी स्वतः उठवून बाहेर काढलंय, त्याचे वडील ओळखीचे असूनसुद्धा. चीट पकडणारा प्रोग्राम, अँटी-चीट, पाहिजेच. कडक पाहिजे.

पण एक गोष्ट बघा. सायबर कॅफेसाठी २०११ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्याप्रमाणं प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, नाव, पत्ता, फोन, कुठल्या नंबरच्या मशीनवर बसला, किती वाजता बसला, किती वाजता उठला, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं आणि निदान वर्षभर जपायचं. मी जपते. म्हणजे गुन्हा खरंच माझ्या मशीनवर झाला असेल, तर तो कुणी केला हे जगात फक्त मी सांगू शकते. त्यासाठी मला दोनच गोष्टी लागतात, तारीख आणि वेळ. नेमक्या त्याच दोन गोष्टी कंपनी देत नाही.

सिग्नल तोडला तर ई-चलान येतं, त्यात फोटो असतो, चौकाचं नाव असतं, मिनिटासकट वेळ असते. पाचशे रुपयांच्या दंडाला एवढं मिळतं. इथं पोराची तीन-चार वर्षांची कमाई गेली आणि कागदावर एक ओळ नाही.

तर मला जाणकारांकडून हे पाहिजे: बॅन माणसावर लागतो की मशीनवर? एका गिऱ्हाइकानं केलेलं दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकतं का? आणि कारण विचारायचा आपल्याला काही हक्क आहे का, की नियम-अटींवर टिकमार्क केला म्हणजे विषय संपला?

---

पुणे_बिल्ड_टेस्टर

ताई, मी पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये आहे. अँटी-चीट लिहिणाऱ्या टीममध्ये नाही, पण त्याच्यामुळं होणारे घोळ आमच्या टेबलावरून जातात. मला माहीत आहे तेवढं सांगतो.

बॅन दोन्हीवर लागतो. अकाउंटवर तर लागतोच, पण बरेच गेम मशीनचीही ओळख बनवून ठेवतात. मदरबोर्डचा सिरियल नंबर, डिस्कचा नंबर, नेटवर्क कार्डाचा पत्ता, नव्या मशीनमध्ये टीपीएम ही सुरक्षेची चिप. यांची मोट बांधून एक खूण तयार होते. विंडोज पुसून परत टाकलं तरी यातलं बरंचसं तसंच राहतं. त्या खुणेवर बॅन असेल तर त्या मशीनवर जो कोणी लॉगिन करेल तो संशयात येतो. चीटर रोज नवा आयडी काढून परत येतात म्हणून हे सुरू झालं आणि त्यांच्याविरुद्ध ते चालतंही. घरी एक पीसी, एक माणूस, तिथं ठीक. कॅफेत दिवसाला एका खुर्चीवर आठ-दहा जण बसतात, तिथं हे सगळं कोलमडतं.

आता तुमच्याकडे कॅफे म्हणून ज्या खास गोष्टी असतील त्या तपासा. पहिली, सगळ्या पीसींवर एकच विंडोज इमेज, म्हणजे एका तयार मशीनची जशीच्या तशी प्रत, कॉपी केली आहे का? सगळेच कॅफे तसं करतात. पण कॉपी करताना विंडोजची आतली ओळख नव्यानं बनवली नसेल तर बाराही मशीन त्या बाबतीत एकसारखी दिसतात. दुसरी, मदरबोर्ड कुठले आहेत? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या जुन्या चिपसेटच्या स्वस्त चिनी बोर्डांत बऱ्याचदा सिरियल नंबर भरलेलाच नसतो. त्या जागी 'डिफॉल्ट स्ट्रिंग' किंवा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (उत्पादकानं भरायचं) असं छापील वाक्य असतं. हजारो बोर्डांवर तेच वाक्य. चांगली अँटी-चीट असल्या नंबराकडं दुर्लक्ष करते, पण सगळ्याच करतात असं नाही. तिसरी, तुमचं टायमर दाखवणारं कॅफे सॉफ्टवेअर. ते गेमच्या चित्रावर स्वतःची खिडकी काढतं आणि कीबोर्ड अडवतं. चीटही नेमकं हेच करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तारखेबद्दल. सात नंबरवर बसला आणि बॅन झाला, म्हणून आपण सात नंबरला धरतोय. तसं असेलच असं नाही. चीट पकडला गेला तरी बहुतेक कंपन्या लगेच बॅन घालत नाहीत. आठवडे थांबतात आणि मग एका झटक्यात सगळ्यांवर बॅनची लाट सोडतात. लगेच घातला तर चीट बनवणाऱ्याला कळतं की आपला कुठला धागा हाती लागला, आणि तो दोन दिवसांत दुरुस्ती करून मोकळा होतो. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं व्हॅक हे अँटी-चीट २००२ पासून आहे, तेही असंच थांबून मारतं. म्हणजे या मुलाच्या बॅनचं मूळ महिनाभर आधी, दुसऱ्याच मशीनवर असू शकतं. तुम्ही तारीख मागताय ते म्हणूनच अगदी बरोबर आहे. तारखेशिवाय तुमचं रजिस्टर उघडायचं तरी कुठल्या पानावर?

यंत्र चुकतं का, तर चुकतं, आणि त्याचे नोंदलेले दाखले आहेत. जुलै २०१० मध्ये व्हॅकनं कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या सुमारे १२,००० खेळाडूंना चुकून बॅन केलं. कुणीच चीट केलं नव्हतं. व्हॉल्व्हचं स्टीम हे गेम चालवायचं सॉफ्टवेअर गेमची फाइल डिस्कवर अपडेट करत होतं, मेमरीत जुनी प्रत होती, दोन्ही जुळेनात, आणि यंत्रानं त्याचा अर्थ छेडछाड असा लावला. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी माफी मागितली, बॅन काढले आणि प्रत्येकाला लेफ्ट ४ डेड २ फुकट दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग प्लस नावाची सोय आली. ती गेमच्या फाइलमध्ये हात घालत होती, त्यामुळं काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ती चालू ठेवणारे बॅन झाले. ग्राफिक्स कार्डाच्या अधिकृत ड्रायव्हरमधलं बटण दाबलं, एवढाच त्यांचा गुन्हा. एएमडीनं तो ड्रायव्हर मागे घेतला, व्हॉल्व्हनं बॅन उलटवले.

मला सगळ्यात जास्त लागलेलं २०२४ चं आहे. ऑक्टोबरमध्ये कॉल ऑफ ड्यूटीवाल्या ॲक्टिव्हिजननं सांगितलं की त्यांच्या रिकोशे अँटी-चीटमधल्या एका पळवाटेमुळं काही थोड्या प्रामाणिक खेळाडूंवर बॅन लागले होते, ते आता काढलेत. नंतर एका हॅकरनं पुढे येऊन दावा केला की आपण त्या पळवाटेनं हजारो लोक बॅन करवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणं रिकोशे मेमरीत 'ट्रिगर बॉट' (आपोआप गोळी झाडणारं चीट) असे ठरावीक शब्द शोधत होतं, म्हणून तो समोरच्याला गेममधून निरोप पाठवायचा आणि त्यात तेच शब्द लिहायचा. निरोप मेमरीत आला की बॅन. कंपनी म्हणते थोडे, तो म्हणतो हजारो. खरा आकडा बाहेरच्या कुणालाही तपासता येत नाही.

या तिन्हीत साम्य काय, बघा. चूक उघडी पडली ती गर्दी मोठी होती म्हणून, किंवा मागे एएमडीसारखी कंपनी उभी होती म्हणून. एक साधा हिशेब करा. एक कोटी खेळाडू असतील आणि यंत्र दहा हजारांत फक्त एकदा चुकत असेल, तरी हजार निर्दोष माणसं बाहेर फेकली जातात. ती हजार माणसं हजार गावांत एकेकटी असतात. प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच झालंय, आणि आजूबाजूचे म्हणतात, केलं असेल काहीतरी.

---

डोंबिवली_डस्ट२

मी पंधरा वर्षं काउंटर-स्ट्राइक खेळतोय, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. ताईंवर माझा अविश्वास नाही, पण "मी काही केलं नाही" हे प्रत्येक चीटर म्हणतो. प्रत्येक. आईची शपथ घेऊन सांगतात, पुढच्या महिन्यात तोच माणूस चीट विकताना सापडतो.

२०१८ आठवा. शांघायमध्ये एक्स्ट्रीमस्लँड या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेचे सामने, ऑप्टिक इंडियाची टीम खेळतेय, आम्ही रात्री जागून बघतोय, आणि आपल्याच खेळाडूच्या मशीनवर चीट सापडलं. फाइलचं नाव काय, तर 'वर्ड डॉट ईएक्सई'. पंच जवळ आला तेव्हा तो फाइल बंद करायच्या गडबडीत होता. टीम बाद झाली, नंतर ऑप्टिकनं ती बरखास्तच केली, त्याला पाच वर्षांची बंदी झाली. बाकी चौघांचा काय दोष? त्यानंतर बाहेरच्या सर्व्हरवर आम्ही भारतातून खेळतोय म्हटलं की 'वर्ड डॉट ईएक्सई' चिडवायचे. वर्षानुवर्षं ऐकलंय ते. त्यामुळं कंपनी कडक वागते तेव्हा मला राग येत नाही, बरं वाटतं.

आणि तपशील उघड करायला माझा विरोध आहे. कसं पकडलं हे सांगितलं की उद्या चीटवाला तेवढंच बदलणार.

पण ताईंची मागणी 'कसं पकडलं' ही नाहीच, हेही खरं. त्या 'कधी' विचारतायत. ते सांगायला हरकत नसावी. व्हॉल्व्हनं २०१३ मध्ये सीएस:गो, म्हणजे तेव्हाच्या काउंटर-स्ट्राइकमध्ये, ओव्हरवॉच म्हणून पद्धत आणली होती, मी त्यात केस बघायचो. संशयिताचं नाव लपवलेलं, मॅचचे काही राउंड आपल्याला दाखवायचे आणि आपण निर्णय द्यायचा: पुरावा अपुरा, की वाजवी शंकेपलीकडे स्पष्ट. अनेकांचे निर्णय एकत्र करून शिक्षा. मी कित्येकदा 'अपुरा' दाबलंय. माणूस चांगला खेळतोय आणि चीट करतोय यात फरक करायला डोळे लागतात आणि थोडा वेळ द्यावा लागतो. तंत्र लपवूनही माणसानं बघणं जमतं, हे तिथं दिसलं होतं.

---

सेकंडहँड_बोर्ड

माझा अनुभव: जुना मदरबोर्ड घेतला, नवीन आयडी बनवला, त्या दिवशीच बॅन. विकणाऱ्याचा फोन बंद. बोर्ड घेताना हे कसं तपासायचं ते कुणी सांगेल का? कुठंच यादी नाही.

---

कॅफेवाली_कोल्हापूर

@पुणे_बिल्ड_टेस्टर, दादा, तुमचं वाचून रात्री शटर ओढल्यावर भावाला बसवलं आणि बाराही मशीन एकेक करून उघडली. पॉवरशेलमध्ये बोर्डाचा सिरियल नंबर काढायची कमांड टाकली. एक ते सहा नंबरवर प्रत्येकाचा वेगळा आकडा आला. ते बोर्ड ब्रँडेड आहेत, कॅफे सुरू केला तेव्हाचे. सात नंबरवर आलं, 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. आठ नंबर, 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. नऊ नंबर, 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. दहापासून परत आकडे. सात, आठ, नऊ हे तिन्ही बोर्ड लॉकडाउननंतर एकदम घेतले होते, मुंबईहून, एकाच दुकानातनं. बॅन झालेत ते सात आणि नऊवरच.

हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. कदाचित असेल, कदाचित टायमरचं सॉफ्टवेअर असेल, कदाचित खरंच कुणीतरी माझी नजर चुकवून काहीतरी चालवलं असेल. मुद्दा असा की खरं काय ते ज्यांच्या सर्व्हरवर लिहिलेलं आहे ते बोलत नाहीत, आणि मी इथं रात्री बारा वाजता बोर्डांचे नंबर वाचत बसलेय. त्यांचा प्रोग्राम माझ्या विंडोजच्या गाभ्यापर्यंत जातो. कुठली फाइल चालू आहे, कुठला ड्रायव्हर आहे, सगळं बघतो. मी बघू देते, कारण त्याशिवाय गेम चालत नाही. माझ्या मशीनमधलं त्यांना सगळं दिसतं आणि माझ्याच मशीनवर काय सापडलं हे मला विचारता येत नाही, हे मला पटत नाही.

@डोंबिवली_डस्ट२, तुमचा राग मला समजतो. त्या शांघायच्या टीममधल्या बाकीच्या चौघांचा विषय तुम्हीच काढलात. माझी पोरं त्या चौघांच्या जागी आहेत. आणि तिथं निदान पंच होता, मशीन समोर होतं, फाइल सगळ्यांनी बघितली. म्हणून कुणी वाद घातला नाही.

अजून एक. कुणीतरी म्हणेल की रजिस्टर कंपनीला पाठव. नाही पाठवणार. पोरांचे फोन नंबर नि आधारची माहिती आहे त्यात. मला त्यांच्याकडून फक्त वेळ पाहिजे. जुळवाजुळव मी इथं बसून करीन, खरा चीटर सापडला तर त्याला कॅफेतनं कायमचा बाहेर काढीन आणि तसं लेखी कळवीन.

---

वकील_नागपूर

मी नागपुरात ग्राहक आयोगापुढची प्रकरणं चालवते. गेमचं मला फारसं कळत नाही, कायद्याचं सांगते.

टिकमार्क केला म्हणजे विषय संपला, असं नाही. कंपनीच्या अटींमध्ये बहुतेक वेळा लवादाचं कलम असतं आणि लोक ते वाचून घाबरतात. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला आयोगाकडं जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ती कंपनीकडं पाठवली जाते.

पण तक्रारदार तो मुलगा असू दे, तुम्ही नको. त्यानं स्वतःच्या पैशानं स्किन घेतल्या आहेत, पावत्या त्याच्या मेलवर असतील. तुम्ही व्यवसायासाठी सेवा वापरता, तेव्हा 'तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप पहिल्याच दिवशी येईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी असेल तर कायद्यात सूट आहे, पण तो वाद आत्ता ओढवून घेऊ नका.

दुसरा रस्ता २०२१ च्या आयटी नियमांचा. कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निकाल नियमात ठरवलेल्या मुदतीत. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील, ही सोय २०२३ पासून आहे. गेम कंपनी म्हणेल की आम्ही यात बसत नाही. म्हणू दे, लेखी म्हणू दे. तुम्ही केलेलं ते 'अपील' गेमच्या सपोर्टकडं गेलं होतं. तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेलं पत्र वेगळं असतं, त्याला तारीख आणि मुदत चिकटते.

पत्र लहान ठेवा. रागाचं एकही वाक्य नको. "बॅन काढा" ही मागणी दुसरी लिहा. पहिली मागणी: कुठल्या नियमाचा भंग, कुठल्या तारखेला नि वेळी, निर्णय यंत्रानं दिला की माणसानं, आणि अपील माणसानं वाचलं का. एवढंच विचारा.

---

म्युनिकहून

थोडी भर घालतो. इथं युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली आपल्याबद्दलचा डेटा मागता येतो आणि कंपनीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. कलम २२ मध्ये निव्वळ यंत्रानं घेतलेल्या गंभीर निर्णयांविरुद्ध माणसाकडून तपासणी मागायचीही तरतूद आहे. गेमचा बॅन तेवढा गंभीर धरायचा का, यावर कंपन्या भांडतात. बॅनचं नेमकं कारण बहुतेक देत नाहीत, व्यापारी गुपित म्हणतात.

तरी बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी डेटा मागायचं बटण जगभर सगळ्यांनाच दिलेलं आहे. त्या मुलाला खात्याच्या सेटिंगमध्ये बघायला सांगा. लॉगिनच्या वेळा मिळाल्या तरी ताईंच्या रजिस्टरशी ताडून बघता येतील.

---

कॅफेवाली_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते, म्हणजे पुढं कुणी शोधत आलं तर उपयोग होईल.

डेटा मागायचं बटण सापडलं. फाइल आली. लॉगिनच्या तारखा, वेळा, आयपी, खरेदीची यादी, सगळं होतं. मी नि तो मुलगा रजिस्टर घेऊन बसलो. कॅफेतलं प्रत्येक लॉगिन माझ्या वहीशी मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकानं जुळतं. बाकीचे त्याच्या घरच्या नेटवरचे. परक्या जागेहून एकही नाही, म्हणजे आयडी कुणी चोरून वापरला असंही नाही. बॅनबद्दल त्या फाइलमध्ये एक शब्द नाही.

@वकील_नागपूर, ताई, तुम्ही सांगितलं तसंच पत्र केलं, मुलाच्या नावानं. चारच प्रश्न. सोबत बोर्डांच्या सिरियल नंबरचे फोटो जोडले, आणि सात व नऊ नंबरच्या मशीनवर बॅन आहे का हे विचारलं. या वेळी पोच आली आणि ती पहिल्यासारखी छापील नव्हती. सात नंबरची खरेदीची पावती मागितली आहे. कुणीतरी माणसानं वाचलंय, एवढं तरी कळलं. पावती पाठवली. मुदत संपली आणि उत्तर आलं नाही तर अपील समितीकडं जायचं, हे आम्ही ठरवलंय. मुलाच्या वडिलांना आधी हे सगळं खुळं वाटत होतं, आता तेच तारखा विचारतात.

सात, आठ, नऊवर मी तो गेम बंद ठेवलाय. पोरांना आधीच सांगते की या तिन्हीवर दुसरं काहीही खेळा, तो नको. तीन बोर्ड बदलायचे म्हणजे माझ्यासारखीला लहान खर्च नाही, पण दिवाळीपर्यंत करीन. टायमरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले गेमच्या चित्रावर खिडकी न काढता कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी वेळ दाखवायची सोय आहे. ती चालू केली.

@सेकंडहँड_बोर्ड, भावा, मला समजलं ते एवढंच: पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोर बोर्ड चालू करून सिरियल नंबर बघायचा. आकड्याच्या जागी वाक्य दिसलं तर घेऊ नको. आधीच्या मालकानं काय केलंय हे मात्र कुठंच दिसत नाही. कंपन्यांनी निदान मशीनवर बॅन आहे की नाही एवढं सांगणारं एखादं पान ठेवलं तर तुझे पैसे वाचले असते, आणि त्यानं कुठल्याही चीटरला काडीची मदत झाली नसती.

सांगली, मिरज, इचलकरंजी, बेळगाव, कुठंही कॅफे चालवणारं कुणी हे वाचत असेल तर एक काम करा. तुमच्या मशीनवर असे बॅन झाले असतील तर त्या मशीनच्या बोर्डाचा सिरियल नंबर काढून बघा, आणि जिथं 'डिफॉल्ट स्ट्रिंग' किंवा तसलं वाक्य येतं ते इथं लिहा. गिऱ्हाइकाचं नाव नको, आयडी नको. बोर्डाचं मॉडेल, बॅनचा महिना आणि कॅफे सॉफ्टवेअर, तिन्ही गोष्टी पुरे. मी एका वहीत उतरवून घेते. समितीकडं जायची वेळ आली तर ते पान जोडीन.

---

पुणे_बिल्ड_टेस्टर

ताई, त्यात विंडोज इमेज कधी कॉपी केली तेही विचारा. आणि बोर्डाच्या बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची, आवृत्ती. मी तुम्हाला एक छोटी फाइल करून पाठवतो, डबल क्लिक केलं की बोर्डाचा सिरियल नंबर, मॉडेल, बायोस आणि विंडोजची तारीख, या चारही गोष्टी एका जागी दिसतील. नेटला जोडायची गरज नाही, आत काय लिहिलंय ते नोटपॅडमध्ये उघडून कुणालाही वाचता येईल.